वासा: पहिल्याच दिवशी बुडालेलं जहाज, नेमकं चुकलं कोणाचं?

शिडकाठी | रविवार, रात्री ११:१०

मंडळी, सहा वर्षं झाली स्टॉकहोममध्ये राहून, आणि घरी पाहुणा आला की त्याला वासा म्युझियमला नेणं हे ठरलेलंच. या वेळी आई आली होती. आई मूळची रत्नागिरीची, लहानपण होड्यांच्या आजूबाजूला गेलेलं. आत शिरलं की आधी काळोखच लागतो, लाकूड जपायचं म्हणून दिवे मंद असतात, हवा गार, आणि मग डोळे सरावतात तसं समोर ते काळंभोर जहाज उभं राहतं. खरं जहाज, नमुना नाही. पुढच्या दांड्यासकट ६९ मीटर लांब, डोलकाठ्या धरून ५२ मीटर उंच, आणि त्यातलं ९८ टक्के लाकूड १६२८ सालचंच. आई पाच मिनिटं काही बोललीच नाही, नुसती मान वर करून बघत राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ, पोलंडशी लढाई चालू, बाल्टिक समुद्रावर ताबा पाहिजे म्हणून मोठी जहाजं बांधायला काढली. १६२५ च्या जानेवारीत हेन्रिक हुबर्टसन नावाच्या डच कारागिराशी करार झाला. दोन मजले तोफांचे, एकूण ६४ तोफा, त्यातल्या ४८ तर २४ पाउंडी, म्हणजे एकेक गोळा दहा-अकरा किलोचा. १० ऑगस्ट १६२८, रविवार, दुपार उलटलेली, किनाऱ्यावर लोकांची गर्दी, जहाज राजवाड्याखालून निघालं, दहापैकी फक्त चार शिडं उभारली होती, सलामीच्या तोफा झाल्या. एक झुळूक आली, जहाज डावीकडे कललं, सावरलं. पुढे बेकहोल्मेन बेटापाशी दुसरी झुळूक आली, परत कललं, या वेळी खालच्या मजल्यावरच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि संपलं. निघाल्यापासून जेमतेम १३०० मीटर. तीसेक माणसं गेली.

आता मुद्दा. निघायच्या आधी धक्क्याला बांधलेलं असताना कॅप्टन स्योफ्रिंग हान्सनने व्हाइस ॲडमिरल क्लास फ्लेमिंगसमोर एक चाचणी करून दाखवली होती. ३० खलाशी डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवले. पहिल्या पळीला जहाज एक फळी कललं, दुसऱ्या पळीला दोन फळ्या, तिसऱ्याला तीन. फ्लेमिंगने तिथेच थांबवलं, अजून पळाले असते तर धक्क्यालाच उलटलं असतं. आणि तरी ते निघालं!

हे ऐकल्यावर आईने जे विचारलं ते मला सोडेना. ती म्हणाली, "अरे पण मग त्या तीस पोरांना तरी कळलंच असेल ना, पायाखालीच डुगडुगत होतं त्यांच्या. ती परत चढली कशी?"

तर विचारायचंय हेच, तुमच्या मते चूक कोणाची?

पेठेतला | रविवार, रात्री ११:२४

नावातच उत्तर आहे की. बडा घर, पोकळ वासा!

मंदार७८ | रविवार, रात्री ११:४०

चूक शंभर टक्के राजाची. मी वाचलेलं असं की जहाज एका तोफमजल्याचं बांधायला घेतलेलं, मध्येच राजाला कळलं की डेन्मार्कवाले दोन मजल्यांचं बांधतायत, मग याने हट्ट धरला की वर अजून एक मजला चढवा. खालचा पाया तेवढाच आणि वर मजला वाढवला तर दुसरं काय होणार, आपल्याकडे चाळींवर मजले चढवतात तसंच.

अनघा_टी | सोमवार, सकाळी ७:०५

शिडकाठी, सुंदर लिहिलंय. आईंचा प्रश्न वाचून सकाळी सकाळी पोटात कालवलं. राजा होता कुठे पण त्या वेळी? जहाजावर होता का?

शिडकाठी | सोमवार, सकाळी ८:३०

@अनघा_टी, नाही, राजा तिकडे प्रशियात, लढाईवर. तिथून पत्रावर पत्रं, लवकर पाठवा, लवकर पाठवा. बुडाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचायलाच दोन आठवड्यांवर गेले. फ्लेमिंग चाचणी थांबवताना म्हणाला होता म्हणतात, महाराज इथे असते तर बरं झालं असतं. माझ्या मते सगळ्या गोष्टीची गाठ या वाक्यात आहे.

@मंदार७८, ही वाढीव मजल्याची गोष्ट इथले जुने गाईडही सांगायचे, पण आता संशोधक ते मानत नाहीत. सांगाडाच समोर आहे ना, एकेक लाकूड मोजून झालंय, दोन तोफमजले सुरुवातीपासूनच धरलेले दिसतात. बदलत गेलं ते तोफांचं गणित. कुठल्या मजल्यावर किती पाउंडी तोफा हा बेत दोन-तीनदा बदलला आणि शेवटी दोन्ही मजल्यांवर २४ पाउंडी आल्या. म्हणजे राजा अगदीच सुटला असं मी म्हणत नाही, पण "हट्टी राजाने मजला चढवला" इतकं सरळ नाही ते.

आणि @पेठेतला, म्हण भारी बसते पण उलटी बसते हो. हा वासा पोकळ नव्हताच, जरुरीपेक्षा भरीव होता! वरच्या मजल्यांना वापरलेली लाकडं नको तितकी जाड आहेत आणि मजल्यांची उंचीही जास्त. सगळं वजन वर. जाता जाता, स्वीडिशमध्ये वासा म्हणजे धान्याची पेंढी, राजघराण्याच्या चिन्हात होती ती.

चीफऑफिसर | सोमवार, दुपारी १:१५

मी मर्चंट नेव्हीत आहे, सध्या सुट्टीवर घरी, त्यामुळे सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

जहाज उलटतं का नाही हे दोन गोष्टींवर. एक, वजनाचा मध्य किती उंचावर आहे. दोन, जहाज कललं की पाण्याचा वर ढकलणारा जोर किती बाजूला सरकतो, आणि हे बुडाकडची रुंदी आणि आकार ठरवतो. बाईने घागर कमरेवर घेतली तर ती कशीही वाकते, तीच डोक्यावर तिघींची उतरंड घेऊन चालली तर मान सांभाळूनच चालावं लागतं. वासा म्हणजे डोक्यावर उतरंड आणि पाय जुळवून उभी राहिलेली बाई.

लोकांना वाटतं तोफांमुळे बुडालं. तोफांचं वजन सगळं मिळून सत्तर टनांच्या आसपास, जहाज बाराशे टनांचं. नुसत्या तोफांनी एवढं होत नाही. तोफा पेलायला म्हणून जो वरचा डोलारा उभारला त्याने झालं.

मग कोणी म्हणेल, तळाला अजून दगड भरायचे ना. तळाशी १२० टन दगड होतेच. अजून भरले असते तर जहाज आणखी खाली बसलं असतं आणि खालच्या तोफखिडक्या पाण्याला टेकायला आल्या असत्या. म्हणजे दगड कमी तर उलटणार, दगड जास्त तर खिडक्यांतून पाणी. दोन्हीकडून कोंडी, आणि ही धक्क्यावर सुटणारी नव्हतीच, ती बांधतानाच होऊन बसली होती.

आता मला या प्रकरणात सगळ्यात जास्त वाटतं ते त्या चाचणीबद्दल. आजही नवीन जहाज झालं की आम्ही तेच करतो! इन्क्लायनिंग टेस्ट म्हणतात. माहीत असलेलं वजन डेकवर या बाजूकडून त्या बाजूला हलवायचं आणि लंबक किती सरकला ते मोजायचं. त्या ३० जणांना पळवणं हीच टेस्ट आहे, तत्त्व तंतोतंत तेच. टेस्ट बरोबर होती, निकालही बरोबर आला. फक्त किती कललं तर नापास हा आकडा कोणाकडे नव्हता. तो हिशोब मांडणारं पुस्तक पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने काढलं ते १७४६ साली, म्हणजे ११८ वर्षांनी. तोपर्यंत जहाजं अनुभवाने आणि मापांच्या ठोकताळ्यांनी बांधत, आणि दोन मजली तोफांचं एवढं मोठं जहाज या कारागिरांनी आधी बांधलेलंच नव्हतं.

म्हणून माझं मत, कारागिराला दोष देऊ नका.

कोकण्या | सोमवार, दुपारी २:०२

तळातल्या त्या दगडांना आमच्याकडचे जुने लोक नीरम म्हणत. आजोबांच्या तोंडी ऐकलाय शब्द. नीरम कमी पडलं की नाखवा होडी किनाऱ्यावरून हलूच द्यायचा नाही, कोणी कितीही घाई करो.

सुतारपक्षी | सोमवार, सायं. ६:४८

चीफऑफिसर, घागरीचं उदाहरण एक नंबर. पण कारागिराला पूर्ण सोडू नका, मी लाकडाचं काम करतो म्हणून बोलतो.

वासाच्या सांगाड्यात सुतारांच्या मापपट्ट्या सापडल्यात, चार. त्यातल्या दोन स्वीडिश फुटाच्या, १२ इंची. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, त्यांचा फूट ११ इंचांचा! अर्धे सुतार डच, अर्धे स्थानिक, एकाच जहाजावर, आणि प्रत्येकाचा फूट वेगळा. जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजू मोजल्या तर एकसारख्या नाहीत. आता हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. मिस्त्री ओरडून सांगतोय वीस फुटांचा तुकडा काप, आणि दोघं दोन लांब्यांचे कापून आणतायत आणि दोघंही बरोबर!

आमच्याकडेसुद्धा जुना मिस्त्री सुतात बोलतो आणि पोरं एमएममध्ये, मी पहिल्या दिवशी सगळ्यांच्या टेप एकमेकांना लावून बघतो. फालतू वाटतं पण कपाटाचं दार दोन सूत उतरलं की कळतं.

आणि लाकूड किती गेलं असेल विचार करा, हजाराहून जास्त ओकची झाडं. वाकड्या फासळ्यांसाठी मुळातच वाकडी वाढलेली झाडं जंगलात जाऊन शोधून आणायची, कारण सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर रेषा तुटते आणि ताकद जाते. ते काम मला बघायचंय एकदा, त्यासाठी तरी स्टॉकहोमला यायचंय.

मंदार७८ | सोमवार, रात्री ९:१०

ओके, मजल्याचं मागे घेतो. पण एक सांगा, मूळ कारागीर तर मध्येच वारला ना? मग जबाबदार कोण धरला?

शिडकाठी | सोमवार, रात्री ९:५५

हो, हुबर्टसन १६२७ च्या वसंतात गेला, त्याआधी बराच आजारी. काम त्याचा हाताखालचा हाइन याकोबसन बघायला लागला आणि गोदीचा कारभार हुबर्टसनची बायको मार्गारेता निल्सडॉटर हिने भागीदार आरेंट दे ग्रोटबरोबर चालवला. चारशे वर्षांपूर्वी विधवा बाई गोदी चालवतेय, पैशांचे व्यवहार बघतेय, हेही आईला फार आवडलं होतं.

चौकशी सप्टेंबर १६२८ मध्ये झाली. आधी कॅप्टनला अटक, बुडाल्या बुडाल्याच. दारू प्यायला होतास का? नाही. तोफा नीट बांधल्या नव्हत्या का? त्याने शपथेवर सांगितलं की बांधल्या होत्या, एकही सुटलेली सापडली तर माझे तुकडे करा. मग याकोबसनला बोलावलं, तो म्हणाला राजाने मान्य केलेल्या मापाने बांधलं, उलट मी आपल्या मनाने दीडेक फूट रुंदी वाढवली. म्हणजे त्याला शंका होतीच! मग दे ग्रोटला विचारलं की चूक कोणाची, तर तो म्हणाला देवालाच ठाऊक. माप राजाने पास केलेलं, कारागीर मेलेला, बाकीच्यांनी सांगितलं तसं केलेलं. कोणालाच शिक्षा झाली नाही.

योरान मॅटसन नावाचा एक होता जहाजावर, त्याने त्या चाचणीच्या वेळी फ्लेमिंगला सांगितलेलं की तळ अरुंद आहे, पोट पुरेसं नाही. फ्लेमिंगचं उत्तर काय, तर कारागिराने आधीही जहाजं बांधलीयत, तू काळजी करू नको.

अनघा_टी | सोमवार, रात्री १०:२०

"तू काळजी करू नको." हे वाक्य मी ऑफिसात इतक्या वेळा ऐकलंय.

यंत्रवत | सोमवार, रात्री ११:३५

पहिल्यांदाच लिहितोय इथे, नुसता वाचक आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कारखान्यात क्वालिटीला होतो, नवीनच लागलेलो. ओव्हरहेड क्रेनची लोड टेस्ट होती, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाची माणसं ताबा घ्यायला येणार होती. वजन उचललं, थांबवलं, आणि ब्रेक लागूनही हुक हळूहळू खाली सरकायला लागला. फार नाही, चार बोटं. माझ्या बरोबरच्या ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले टेस्ट थांबव, उद्या बघू, रिपोर्ट आज जाऊ दे. मी सही केली. पुढे दोन आठवड्यांनी माल आपटला, नशिबाने खाली कोणी नव्हतं, पण माझी सही त्या कागदावर होती आणि आहे.

शिडकाठींच्या आईंनी विचारलं की ती तीस पोरं परत चढली कशी. अशीच चढली. तुमच्याहून मोठा माणूस तिथे उभा आहे, त्याने स्वतः डोळ्यांनी बघितलंय, थांबवलंय, आणि तरी तो म्हणतोय चला, तर तुम्हाला वाटतं याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. फ्लेमिंगलाही तेच वाटलं असेल राजाबद्दल. आणि राजा तिकडे बसून समजत असेल की कारागिराला कळतंय.

मी फ्लेमिंगला जबाबदार धरतो. त्याने चाचणी थांबवली म्हणजे त्याला कळलं होतं. कळून थांबवली ती चाचणी, जहाज नाही.

चीफऑफिसर | मंगळवार, सकाळी ८:००

यंत्रवत, तुमचं बरोबर आहे. मी काल म्हटलं नापासाचा आकडा नव्हता, पण तीन पळींत थांबवावं लागलं हाच आकडा होता. आमच्याकडे आता निदान कागदावर तरी कॅप्टनला अधिकार आहे नाही म्हणायचा. कागदावर म्हणतोय, बाकी बंदरावर काय दबाव असतो ते आम्हालाच माहीत.

कोकण्या | मंगळवार, दुपारी १२:४०

आता थोडं विषयांतर, पण राहवत नाही. एवढी अवजड जहाजं हवीत कशाला? आपल्या आरमाराची गुराबं आणि गलबतं बघा. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांचं, गलबत वल्ह्यांवरही चालणारं, तळ उथळ, वारा पडला तरी हलायचं आणि खाडीत आत शिरायचं. कान्होजी आंग्र्यांनी त्याच्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांना दमवलं. १७२१ ला दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले तरी हात हलवत परत गेले. ते वासासारखं काहीतरी आपल्या खाडीत आणलं असतं तर पहिल्या ओहोटीला रुतून बसलं असतं.

पेठेतला | मंगळवार, दुपारी १:०५

कोकण्या, प्रत्येक धाग्यात अलिबाग आणायचंच असं व्रत आहे का? :)

कोकण्या | मंगळवार, दुपारी १:०९

व्रत नाही, गाव आहे. :)

चीफऑफिसर | मंगळवार, दुपारी ३:३०

कोकण्यांचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच. गुराब किनाऱ्याजवळ, ओळखीच्या वाऱ्यात वाघ. खोल समुद्रात तोफांच्या भडिमारापुढे उभं राहायचं तर तिला जड जातं, हे आंग्र्यांच्या लोकांनाही माहीत होतं, म्हणूनच ते मोकळ्या समुद्रात अडकायचे नाहीत.

आणि वासाच्या काळात युरोपातसुद्धा समुद्रावर लढायचं कसं हे ठरलेलं नव्हतं. वासावर १४५ खलाशी आणि ३०० सैनिक असणार होते, खलाशांच्या दुप्पट सैनिक! का, तर जुनी पद्धत म्हणजे शत्रूच्या जहाजाला भिडायचं, उड्या मारायच्या आणि हातघाईची लढाई. एका रांगेत उभं राहून लांबून तोफांनी झोडपायचं हे पुढे १६५० नंतर इंग्रज-डच लढायांत रुळलं. वासावर दोन्ही पाहिजे होतं, भिडायला सैनिक आणि झोडपायला जड तोफा. दोन्ही धरायला गेले त्यात तो डोलारा झाला. सैनिक पुढच्या मुक्कामी चढणार होते म्हणून वाचले, नाहीतर मेलेल्यांचा आकडा कुठे गेला असता.

उघड्या तोफखिडक्यांचं म्हणाल तर वासा एकटं नाही. इंग्रजांचं मेरी रोझ १५४५ मध्ये सोलेंटमध्ये असंच कलून खिडक्यांतून पाणी घेऊन बुडालं. आणि स्वीडनचंच क्रोनान, १६७६, लढाईत वळताना कललं, पाणी आत, दारूगोळ्याचा स्फोट, आठशेच्या आसपास माणसं गेली. वासानंतर ४८ वर्षांनी.

हवापाणी | मंगळवार, सायं. ५:१०

मला एक कळत नाही, लाकडी जहाज पाण्यात ३३३ वर्षं राहिलं कसं? आमच्याकडे होडी दोन पावसाळे दुर्लक्ष केलं तर अळी चाळण करून टाकते.

गौरी_उप्साला | मंगळवार, रात्री ८:४५

@हवापाणी, त्याचं उत्तर बाल्टिकच्या पाण्यात आहे. तिथे खारटपणा फार कमी, लाकूड पोखरणारी ती अळी त्यात जगत नाही. कोकणात बुडालं असतं तर शंभर वर्षांत नाव राहिलं नसतं. वर स्टॉकहोमच्या घाण पाण्याने तळाशी प्राणवायूच कमी, तेही पथ्यावर पडलं. पण त्याच घाणीतलं गंधक लाकडात मुरलं, आणि लोखंडी खिळ्यांच्या गंजाबरोबर त्याचं आता आम्ल बनतंय आतल्या आत. म्हणून हजारो बोल्ट काढून चांगल्या पोलादाचे बसवलेत.

मला यातला सगळ्यात जिवाला लागणारा भाग पाणबुड्यांचा वाटतो. १६६४-६५ मध्ये ट्रायलेबेन आणि पेकेल यांनी पन्नासवर तोफा वर काढल्या. ३२ मीटर खोल, काळं पाणी, थंडी, आणि साधन काय तर शिशाची घंटा. पाणबुड्या घंटेखालच्या फळीवर उभा, छातीपर्यंत पाण्यात, वर डोक्याशी अडकलेली हवा, ती संपायच्या आत हातात आकडी घेऊन अंधारात चाचपत टनाच्या वर वजनाची तोफ त्या चिंचोळ्या खिडकीतून ओढून काढायची. तीन राहिल्या, बाकी मोठ्या तोफा त्यांनी नेल्या!

मग सगळे विसरले. १९५६ ला आंदर्श फ्रान्सेन नावाच्या इंजिनिअरने होडीतून स्वतः बनवलेलं एक टोकदार पोकळ वजन खाली सोडून सोडून काळ्या ओकचा एक तुकडा वर आणला. पाणबुड्या पेर एडविन फेल्टिंग खाली गेला, काही दिसत नाही, हाताने चाचपतोय, आणि फोनवर सांगतोय की भिंतीसारखं काहीतरी आहे, त्यात चौकोनी भोकं आहेत, वर अजून एक रांग आहे. दोन रांगा म्हटल्यावर वासाच.

पुढे नौदलाच्या पाणबुड्यांनी जहाजाखालून सहा बोगदे खणले, चिखलात, डोक्यावर हजार टनांचं जहाज आणि त्याच्या पोटातले दगड. दोन वर्षांवर काम चाललं. त्यात एकही माणूस गेला नाही.

पेठेतला | मंगळवार, रात्री ९:०२

आणि वर आलं तेव्हा त्यावर पळणाऱ्या माणसाचा छोटा पुतळा सापडला, पावो नुर्मीचा, फिनलंडचा धावपटू! हेलसिंकीच्या पोरांनी आदल्या दिवसांत गुपचूप पाणबुडी मारून ठेवून दिलेला. हा इतिहास मला पाठ आहे, इंजिनिअरिंगच्या पोरांची जात जगात सगळीकडे एकच.

सुतारपक्षी | मंगळवार, रात्री ९:३०

हाहा, भन्नाट! गौरीताई, लाकूड सुकलं तर तडकतं, मग त्याचं काय केलं?

गौरी_उप्साला | मंगळवार, रात्री १०:१५

२४ एप्रिल १९६१ ला वर आलं आणि मग पाणी उपसल्यावर गोदीत गेलं ते स्वतःच्या तळावर तरंगत! पहिल्यांदा तरंगलं ते वीस मिनिटं-अर्धा तास, दुसऱ्यांदा निदान गोदीपर्यंत तरी. मग १७ वर्षं त्याच्यावर पॉलिइथिलिन ग्लायकॉलचा फवारा, लाकडातलं पाणी काढून त्याच्या जागी ते मेणासारखं भरायचं, म्हणजे आकसत नाही. नंतर बरीच वर्षं नुसतं वाळवणं. आत्ताचं म्युझियम १९९० चं.

सांगाडेही सापडले, माणसांचे. त्यांतल्या एकाला वर्षानुवर्षं पुरुष समजून गुस्ताव म्हणत. २०२३ ला आमच्या उप्सालाच्या प्रयोगशाळेतून डीएनएचा निकाल आला, ती बाई होती, तरुण. त्या दिवशी खलाशांना घरची माणसं बरोबर घ्यायची परवानगी होती, बेटांच्या बाहेर पडेपर्यंत. कोणाची तरी बायको नवऱ्याला पोचवायला चढली असेल, पुढच्या मुक्कामी उतरणार होती.

अनघा_टी | मंगळवार, रात्री १०:३१

अरे देवा.

टीसकाठची | बुधवार, पहाटे ४:५०

इंग्लंडच्या ईशान्य भागात राहते मी, इथे हार्टलपूलला एक जहाज आहे, ट्रिंकोमाली, १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, सागाचं. अजून पाण्यावर तरंगतंय! इंग्रजांकडे चांगला ओक संपत आला होता म्हणून मुंबईकडे आले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डेकवर गुडघ्यावर बसून लाकडाला हात लावला होता, बरोबरच्या लोकांना कळेना ही बाई काय करतेय. माहेरच्या दाराची चौकट सागाची होती, हाताला तसंच लागलं. सुतारपक्षी, स्टॉकहोमला याल तेव्हा इकडेही या.

मंदार७८ | बुधवार, सकाळी ९:४०

कुठून कुठे गेला धागा, मजा आली. पण मूळ प्रश्नाचं काय? शिडकाठी, तुमचं स्वतःचं मत तुम्ही सांगितलंच नाही.

शिडकाठी | बुधवार, रात्री ११:२०

सांगतो. आज ऑफिसमधून सुटल्यावर परत जाऊन आलो, बुधवारी उशिरापर्यंत उघडं असतं. मागच्या बाजूला, जिथे सगळे लोक त्या सातशे कोरीव मूर्तींचे फोटो काढतात, तिथे नाही थांबलो. पुढे गेलो. तिथे एक पोलिश सरदार कोरलाय बाकाखाली दबून बसलेला, म्हणजे शत्रूची नाचक्की. कारागिराने त्याच्या मिशासुद्धा किती निगुतीने काढल्यात. मग खालच्या मजल्यावर येऊन खालच्या तोफखिडक्यांच्या उंचीला उभा राहिलो. प्रत्येक खिडकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सिंहाचं तोंड, लाल रंगावर. झाकण उघडलं की शत्रूला सिंह दिसावा म्हणून. त्या दिवशी सगळी झाकणं उघडीच होती, सलामी झाली होती ना. ती पाडून बंद केली असती तरी कदाचित पहिल्या दिवशी निभावलं असतं.

माझं मत यंत्रवत यांच्याच बाजूने जातं, फ्लेमिंग. पण अजून एक गोष्ट आज नीट वाचली. वासाबरोबरच करारात दुसरं जहाज होतं, एप्लेट, म्हणजे सफरचंद. वासा बुडालं तेव्हा ते गोदीत अर्धवट होतं. याकोबसननेच पुरं केलं, आणि या वेळी सुमारे मीटरभर जास्त रुंद बांधलं. १६२९ ला पाण्यात गेलं आणि तीस वर्षं चाललं! जुनं झालं तेव्हा मुद्दाम बुडवलं, आणि २०२१ ला वाक्सहोल्मजवळ सापडलं, पुढच्या वर्षी ओळख पटली. तोच माणूस, तीच गोदी, तशाच तोफा. म्हणजे याकोबसनला काय पाहिजे ते कळत होतं, पहिल्या वेळी दीड फुटावर थांबला.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं, यंत्रवत यांचंही वाचून दाखवलं. ती त्या पोचवायला चढलेल्या बाईवरच अडकली. तिचं खरं नाव काय होतं ते कळलं का, विचारत होती. म्हटलं नाही गं, कोणालाच माहीत नाही. मग म्हणाली, पुढच्या वेळी आले की परत जाऊ, पहिल्या खेपेला मी नुसतं वरच बघत राहिले.